समुद्र कुठी गेला?

बाळापूरच्या माणसाने समुद्रकाठच्या दिव्यांविषयी लिहावे, हे वाळवंटातल्या माणसाने नौकानयनावर व्याख्यान देण्यापैकीच आहे, हे मला मान्य आहे. आमच्या गावाला पाणी म्हणजे मन आणि म्हैस या दोन नद्या. पावसाळ्यात त्या किल्ल्याला वेढा घालतात, आणि चैत्र लागला की बहुतेक दगडगोट्यांच्या रूपानेच शिल्लक राहतात. मुंबईचा समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. तरीही या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांवरून २०१५ साली मुंबईत जो वाद माजला, त्यातले खरे मर्म माझ्या आईने एका वाक्यात सांगितले होते, आणि ते वाक्य अस्सल वऱ्हाडी होते.

पण ते पुढे. आईने मुंबई पहिल्यांदा पाहिली ती १९९१ साली, दिवाळी आटोपल्यावर. माझी धाकटी बहीण तेव्हा नुकतीच लग्न होऊन गिरगावात नांदायला गेली होती, आणि ‘पोरीचं घर पाहून येऊ’ म्हणून आई माझ्याबरोबर निघाली. पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे राणीची बाग, गेट वे आणि मलबार हिलवरचे कमला नेहरू पार्क, हा क्रम ठरलेला. पार्कातल्या त्या म्हातारीच्या बुटापाशी आम्ही उभे होतो. सूर्य बुडून दहा-पंधरा मिनिटे झाली असतील. खाली चौपाटीपासून थेट नरिमन पॉइंटपर्यंत किनारा कोयत्यासारखा वळलेला दिसत होता, आणि पाहता पाहता त्या वळणावर पिवळे दिवे लागत गेले. आधी मिणमिणते, तांबूस; मग हळूहळू भरदार सोनेरी.

“अव माय! हे तं दिवाळीच होय की रे,” आई म्हणाली. “रोज लावतात काय?”

रोज लावतात, असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या उमेदीचा काळ घासलेटच्या चिमण्यांत गेलेला. रोज तिन्हीसांजेला चिमटीभर राख आणि फडके घेऊन काचा पुसायच्या, वात कातरायची, मग देवाजवळ एक आणि चुलीजवळ एक ठेवायची. तिने त्याच हिशेबाने विचारले, “इतक्या काचा पुसते कोण?”

आम्ही सगळे हसलो. ते हसणे चुकीचे होते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

लहानपणी माझी एक समजूत होती, तीही इथेच सांगून टाकतो. बाळापूरजवळ पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे. आमच्या तालुक्याचे ते भूषण, आणि त्याचे धुरांडे गावाबाहेर पडले की दिसायचे. शाळेत गुरुजी सांगत की इथली वीज तारांवरून दूरदूर जाते. तेव्हा मुंबईचे झाडून सारे दिवे आमच्या पारसच्या जिवावर लागतात अशी माझी खात्री होती, आणि बहिणीच्या सासरी मी ती अभिमानाने बोलूनही दाखवली. तिच्या सासऱ्यांनी मोठ्या सौजन्याने माझे अज्ञान दूर केले. दक्षिण मुंबईला वीज वाटते ती बेस्ट, आणि बेस्टला ती मिळत आली ती मुख्यतः टाटांकडून. त्यातले खोपोलीचे जलविद्युत केंद्र तर १९१५ सालचे. पारसची वीज राज्याच्या तारांत मिसळते एवढे खरे; पण राणीच्या हाराचे श्रेय मात्र मला परत करावे लागले.

मुंबईचे दिवे विजेच्याही आधीचे. १८६५ साली तिथे रस्त्यांवर गॅसबत्त्या आल्या. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयत्न झाला. पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली. पुढे १९०५ साली आजच्या बेस्टची मूळ कंपनी स्थापन झाली. मरीन ड्राइव्हची जमीन तर त्याही नंतरची. बॅक बेच्या उपसागरात भर घालून ती समुद्राकडून काढून घेतलेली आहे, आणि ते काढून घेणे फारसे सन्मानाने झाले नाही. गव्हर्नर लॉइडच्या कारकीर्दीत गाळ उपसून टाकायचा आणि तो भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जायचा, असा खेळ कोट्यवधी रुपये खर्चून चालला होता. वकील नरिमन यांनी तो चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने बेअब्रूचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले. आज त्याच भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट म्हणतात. जमीन स्थिर झाल्यावर तिच्यावर तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत ती गोलाईदार गॅलऱ्यांची, एका उंचीची घरे उठली. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत ही घरेही आहेत.

आता त्या दिव्यांचा ‘हार’ का दिसतो, हे जरा पाहू. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे ही खोड सुटत नाही. दिव्यांच्या रांगा प्रत्येक शहरात असतात. त्यांना कोणी हार म्हणत नाही. इथे तीन-चार गोष्टी एकत्र जमून आल्या आहेत. किनारा आत वळलेला आहे, म्हणून एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक समोर दिसते. खांब समान अंतरावर आणि समान उंचीवर. दिवे सगळे एका रंगाचे. मागची घरेही बेताची उंच, एका ओळीत. कोणी मध्येच मान वर काढीत नाही. आणि पाहायला जवळच टेकडी. पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पुढचा काळोख. समुद्रात दिवे नाहीत. त्या काळ्याभोर पाण्यावर हा सोनेरी वळसा पडतो, म्हणून तो दागिना दिसतो. पाण्याच्या जागी उद्या झगमगती बाजारपेठ कल्पून पाहा, हार कुठे जाईल ते कळेल.

आणि तो सोनेरी रंग? तो कोणा कलावंताने निवडलेला नव्हता. उच्च दाबाचा सोडियमचा दिवा जगाच्या बाजारात आला तोच साठच्या दशकाच्या मध्यास; म्हणजे मरीन ड्राइव्हची पहिली पंचवीसएक वर्षे तरी दुसऱ्याच दिव्यांखाली गेली. सोडियमचा दिवा कमी विजेत पुष्कळ उजेड देतो, वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून जगभरच्या नगरपालिकांनी तो लावला. रंग आला तो फुकट, धातूबरोबर. वाचकांतल्या गृहिणींना तो रंग स्वयंपाकघरातच भेटलेला आहे. वरण उतू जाऊन शेगडीवर सांडले की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. समुद्राच्या पाण्यात जे मीठ आहे त्यातलाच धातू काठावरच्या दिव्यात जळत होता, असे म्हटले तर शास्त्राला सोडून होणार नाही.

दिव्याच्या रंगाला शास्त्रज्ञ तपमानाने मोजतात. पणतीची किंवा मेणबत्तीची ज्योत साधारण १,९०० केल्व्हिन, सोडियमचा दिवा २,००० ते २,२००, आपला जुना काचेचा बल्ब २,७००, दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास. आकडा वाढतो तसा रंग निळसर होत जातो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सोडियमचा दिवा आणि पणती यांच्यात रंगाचे अंतर जवळजवळ नाहीच. आईला मरीन ड्राइव्ह पाहून दिवाळी आठवली, यात भाबडेपणा काही नव्हता. तिच्या डोळ्याने बरोबर मोजले होते.

या दिव्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर लेख म्हणजे आरती व्हायची. सोडियमच्या उजेडात रंग मरतात. माझ्या बहिणीने त्याच सहलीत एक जांभळी साडी घेतली होती. चौपाटीवर पदर पसरून पाहिला तर ती मळक्या करड्या रंगाची दिसू लागली, आणि दुकानदाराने फसवले म्हणून तिने नवऱ्याला तिथल्या तिथे परत जायला लावले होते! अपघात करून पळालेली मोटार निळी होती की काळी, हे सोडियमखाली उभ्या साक्षीदाराला सांगता येत नाही. शिवाय दिवा पेटायला वेळ घेतो. वीज गेली आणि आली तरी तो आधी थंड होऊन मगच पुन्हा लागतो.

म्हणून २०१५ च्या आरंभी, केंद्र सरकारच्या वीजबचतीच्या योजनेखाली मरीन ड्राइव्हचे सोडियमचे दिवे उतरवून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा त्यामागे काहीच विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. एलईडी हा आपल्या काळातला मोठा शोध आहे. निळा एलईडी बनवणाऱ्या तिघा जपानी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले ते आदल्याच वर्षी, २०१४ साली. निळ्या कणावर पिवळ्या भुकटीचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो, अशी त्याची युक्ती. सोडियमच्या तुलनेत वीज साधारण निम्म्याच्या आसपास लागते. एका खांबाचे हे, तर साऱ्या देशाचे किती, हा हिशेब कोणत्याही सरकारला भुरळ घालणाराच होता.

पण मुंबईकर खवळले. राणीच्या हाराचे सोने जाऊन चांदी आली, अशी ओरड झाली. वर्तमानपत्रांत तक्रारी आल्या, पुढाऱ्यांत खडाजंगी झाली. एक पक्ष म्हणे सौंदर्य गेले. दुसरा म्हणे बिल कमी झाले आणि रस्ता उजळला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

नेमक्या त्याच सुमारास आई मुंबईत होती. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. बहिणीने तिला संध्याकाळी मोटारीतून मरीन ड्राइव्हवर नेले आणि कठड्यावर बसवले. मीही होतो. माझी अपेक्षा होती की आई दिव्यांच्या रंगाविषयी काही बोलेल. ती डोळ्यांवर हात धरून समोर पाहत होती. मग मला म्हणाली:

“दिवे तं दिसू राह्यले. पण समुद्र कुठी गेला?”

मी समोर पाहिले. खरेच, समुद्र नव्हता. लाटांचा आवाज येत होता, खारा वारा येत होता, पण कठड्याच्या पलीकडे नुसती काळी भिंत. मागच्या वेळी याच जागी आम्हाला भरतीचा फेस दिसला होता, दूरवर कोळ्यांच्या होडीचा दिवा हललेला दिसला होता.

रात्री मी त्यावर विचार करीत पडलो, आणि मला माझे आजोबा आठवले. ज्वारीच्या जागलीला ते शेतात माचीवर झोपत, तेव्हा कंदील कधी समोर ठेवीत नसत. पाठीमागे, माचीच्या खाली ठेवीत. मी एकदा तो उचलून समोर धरला तर मला दटावले: “उजेड डोयात घेतला तं डुक्कर दिसन काय तुले?” मानवी डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो हळूहळू इतका तीक्ष्ण होतो की पौर्णिमेच्या चांदण्यात वाट दिसते, आणि चांदण्याचा उजेड असतो जेमतेम पाव लक्स. मेणबत्तीपासून एक मीटरवर पडतो तो उजेड एक लक्स. आपल्याकडच्या मोठ्या वर्दळीच्या रस्त्याला मानकाप्रमाणे तीस लक्स पाहिजे. एवढे तीस लक्स रस्त्यावर पडायला हरकत नाही. पण दिव्याचा डोळाच आपल्या डोळ्यात खुपू लागला, की बुबुळापुढे धुक्याचा पडदा पडतो आणि त्यामागचे सगळे मंद जग पुसले जाते. उजेडात जितका निळा अंश जास्त, तितका हा पडदा दाट वाटतो. म्हाताऱ्या डोळ्यांत तर अधिकच, कारण वयाबरोबर डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि उजेड आतल्या आत विखुरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. आईने या खेपेला एक गंमत केली. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. “ह्या डोयानं पाह्यलं तं पांढरे दिवे, अन् ह्या डोयानं पाह्यलं तं पिवळेच हायेत. खरे कोणते म्हणावं?” म्हातारपणाच्या मोतीबिंदूने भिंग पिवळे पडते आणि निळा रंग अडवून ठेवते, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातल्या नव्या भिंगातून तो सरळ आत येतो. म्हणजे सारी मुंबई ज्यावर भांडत होती, ते दोन्ही पक्ष आईच्या एकाच कपाळाखाली नांदत होते! मात्र समुद्र तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हता.

मुंबईच्या वादाचा शेवट लोकांच्या मनासारखा झाला. अखेर मरीन ड्राइव्हवर पिवळसर छटेचे एलईडी लागले. विजेची बचत राहिली आणि हारही परत आला. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने रस्त्यांवरचे एलईडी ३,००० केल्व्हिनच्या वर नसावेत असा सल्ला दिला, तेव्हा कठड्यावर बसणाऱ्या मुंबईकरांना आपण उगाच ओरडलो नव्हतो याचे समाधान वाटले असेल. पण माझ्या मते वाद अर्धाच झाला. सोने की चांदी यावर सगळे बोलले. दिवा कोणाच्या डोळ्यात जातो आणि त्यामागे काय झाकले जाते, हे विचारणारे थोडे निघाले.

हे विचारणे ज्यांचे कामच आहे, अशांतली एक जण योगायोगाने आमच्याच घरात निघाली. बहिणीची मुलगी आर्किटेक्ट झाली आणि इमारतींच्या नुसत्या प्रकाशयोजनेचे काम करू लागली. तिने हा धंदा निवडल्याचे कळल्यावर आमच्या एका नातलगांनी, “म्हणजे लग्नाच्या मांडवाला लायटिंग करतात तेच ना?” असे विचारले होते. तिने न रागावता “तसंच, पण कमी दिव्यांत” असे उत्तर दिले.

काही वर्षांपूर्वी कोकणात किनाऱ्यालगत होणाऱ्या एका वसाहतीचे काम तिच्याकडे आले. बंगले, मधून फिरायची वाट, आणि टोकाला समुद्राकडे तोंड करून एक चौथरा. मालकांना झगमगाट पाहिजे होता. माडांच्या बुंध्याला खालून हिरवे झोत, चौथऱ्याला निळी किनार, दर पाच पावलांवर खांब. भाचीने नकाशा पाहिला आणि कामाला सुरुवात केली ती दिवे मांडून नव्हे; नकाशावर काळ्या पेन्सिलीने काही जागा भरून टाकल्या. “मामा, इथे उजेड जायचा नाही हे आधी ठरवायचं. मग बाकीचं सोपं असतं.” समुद्राकडचा सारा पट्टा तिने काळा केला होता. कारण विचारले तर म्हणाली, “इथे कासवं येतात.”

ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम चालवले, आणि आज वेळासच्या कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याची कुटुंबे मुलाबाळांसह जातात. मादी वाळूत अंडी पुरून निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात, बहुधा रात्री, आणि त्यांना वाट दाखवायला कोणी नसते. त्यांना उपजत एवढेच कळते की क्षितिजाची जी बाजू उजळ, तिकडे पाणी. लाखो वर्षे ते खरे होते, कारण उघड्या आकाशाखालचा समुद्र हा मागच्या झाडीपेक्षा रात्री उजळच असतो. मागे हॉटेलाचा पांढरा दिवा लागला की पिल्लू वळून त्याच्याकडे चालू लागते, आणि सकाळच्या उन्हात वाळून जाते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्यावर यासाठी नियम आहेत: दिवा खाली, झाकलेला आणि तांबूस पिवळ्या रंगाचा. खुद्द मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१८ च्या मार्चमध्ये कित्येक वर्षांनी या कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली होती. तेव्हा हा प्रश्न वेळासपुरताच आहे असे नाही.

भाचीने माडांचे हिरवे झोत रद्द केले. वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, वर टोपी असलेले पिवळे दिवे ठेवले, की पाऊल दिसावे आणि दिवा दिसू नये. मालक कबूल होईनात. कागदावर ते अगदीच भिकार दिसत होते, हे खरे आहे. मग तिने एक अमावास्येची रात्र मागून घेतली. दोन माणसे, वायरची भेंडोळी आणि सहा दिवे घेऊन ती मालकांना आणि त्यांच्या पत्नीला त्या उघड्या जागेवर घेऊन गेली. आधी मालकांच्या पसंतीचा पांढरा झोत लावला. सगळे दिपून गेले. पाच मिनिटांनी तो बंद करून आपले सहा दिवे लावले. प्रथम कोणालाच काही दिसेना आणि मालक कुरकुरू लागले. “थोडं थांबा,” ती म्हणाली, आणि सगळ्यांना चौथऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसवून चहा दिला. चहा संपेस्तोवर लाटांची पांढरी रेघ दिसू लागली होती. मग दूरवर एका होडीचा लाल दिवा, आणि वर इतक्या चांदण्या की त्या बाई खुर्ची मागे टेकवून नुसत्या पाहत राहिल्या. योजना त्या खुर्चीतच मंजूर झाली, असे भाची सांगते. मालकांनी एक अट मात्र घातली: फाटकावर आपल्या नावाची पाटी भरपूर उजळली पाहिजे. ती तिने मान्य केली. फाटक रस्त्याकडे होते.

मी तिला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरचे आजीचे वाक्य सांगितले तेव्हा तिने वहीत लिहून घेतले. पण त्याहून जास्त आवडला तिला १९९१ चा प्रश्न. “इतक्या काचा पुसते कोण? आजीने हे विचारलं? मामा, आमच्या धंद्यात सगळ्यात आधी हेच विचारायला पाहिजे, आणि सगळ्यात शेवटी विचारतात.” समुद्रकाठी खाऱ्या तुषारांचा थर काचेवर सारखा बसतो; पुसला नाही तर दिव्याचा उजेड महिन्या-महिन्याने आटत जातो. लोखंडी खांब बुडापाशी गंजतो, दिव्याच्या आत खारी हवा शिरली की जोड काळे पडतात. मग नवीन दिवे मंद झाले म्हणून आणखी दिवे लावतात. कित्येक ठिकाणी एक बादली पाणी आणि एक फडके एवढ्यानेच काम भागले असते. तिने त्या वसाहतीच्या माळ्याला महिन्यातून एकदा काचा धुवायचे काम लिहून दिले आणि त्याच्या पगारात त्याचे पैसे धरायला लावले. तिच्या नकाशांपेक्षा मला हे कलम अधिक मोलाचे वाटते.

आता तिकडे मुंबईत किनाऱ्याचा नवा रस्ता झाला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणारा भाग खुला झाला. शहर सुशोभीकरणाच्या नावाखाली मध्यंतरी झाडांना आणि खांबांना रंगीबेरंगी माळाही गुंडाळल्या गेल्या. दिवाळीत चार दिवस हे शोभते. बारा महिने झाडाला झोपू न देणे मला तरी पटत नाही. पण आमचा विदर्भ याबाबतीत मुंबईच्या एक पाऊल पुढे गेला आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नागपूरकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखाचे राखीव रान, म्हणून जाहीर झाला. त्यासाठी तिथल्या खेड्यांतले रस्त्यावरचे दिवे काढून टाकले नाहीत. त्यांची तोंडे खाली जमिनीकडे वळवली. त्यामुळे गावकऱ्यांची वाट उजळच राहिली आणि आकाश काळे झाले.

हे सगळे ऐकून-वाचून मी शहाणा झालो होतो, तरी माझ्या दारातली गोष्ट मला सुचली नाही. आमचे घर बाळापुरात नदीच्या अंगाला आहे. अंगणात खाट टाकली की पूर्वी रात्रीही किल्ल्याचा बुरूज आकाशावर काळा उमटलेला दिसे. हा किल्ला अचलपूरच्या नबाब इस्माईलखानाने १७५७ साली पुरा केला. पुढे नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री. आईला किल्ल्याच्या इतिहासाचे काही नाही. बुरुजावर चंद्र कुठे आला यावरून तिला रात्र किती उरली ते कळे, एवढेच तिचे त्याच्याशी नाते. तीन वर्षांपूर्वी समोरच्या खांबावर नवा पांढरा दिवा आला. तो थोडा वर तोंड करून बसवला होता. त्याचा निम्मा उजेड आमच्या अंगणात आणि उरलेला आकाशात. आईने एकदा-दोनदा सांगितले, मग सांगायचे सोडले आणि खाट आत घेतली. मी आपला, उजेड भरपूर आहे, अंगणात वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून खुश.

गेल्या दिवाळीला भाची आली. पहिल्याच रात्री तिने विचारले, “आजी आत का झोपते?” दुसऱ्या दिवशी तिने संबंधितांना भेटून रीतसर परवानगी आणली, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण वायरमन शिडी घेऊन आला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा तिने स्वतः कातरून वाकवला होता. त्याने दिवा सैल करून खाली वळवला, अंगणाच्या बाजूला पत्रा बसवला आणि खालून बटण दाबायला सांगितले. उजेडाचा गोल नेमका रस्त्यावर पडला, गटाराच्या कडेपर्यंत. अंगणात अंधार झाला.

आम्ही आईची खाट बाहेर आणली. ती आता नव्वदीला आली आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने होऊन बरीच वर्षे झाली. ती पडून राहिली. आम्ही पणत्यांत वाती घालीत बसलो. दहा मिनिटे गेली असतील, पंधराही असतील.

“बुरूज दिसू राह्यला,” ती म्हणाली.

मग मान वळवून तिने खांबाकडे पाहिले. वायरमन पक्कड पिशवीत टाकीत होता.

“काहून रे बाबू, याची काच पुसन कोण?”

“मीच पुसतो ना आजी, दिवाईच्या दिवाईले,” तो म्हणाला, आणि शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या खांबाकडे गेला.